आधी पंप

मार्च संपत आलेला. सकाळची शाळा,
तरी साडेदहालाच सातवी 'ब'च्या बाकांचे लोखंडी पाय
हात लावू देत नाहीत.

प्रज्योत निनावेनं कंपासपेटी फेकली.
रिद्धम मेश्रामच्या भुवईच्या अर्धा बोट वर लागली.
कर्कटक, कोनमापक, चावलेली पेन्सिल
आणि संत्र्याची एक वाळकी फोड
(कशाला जपली होती, कोण जाणे)
फरशीभर.

मी त्याला वर्गाबाहेर काढलं नाही.
खरं सांगते, काढणार होते. बोट दाराकडे गेलंही होतं.
मग वही दिली.
म्हटलं, का फेकलीस ते नको लिहू.
फेकायच्या आधी अंगात कुठे काय झालं, तेवढंच.

पंचवीस मिनिटांत एक ओळ:
'कानाच्या पाया गरम झाल्या, मंग मले काई आयकूच नाई आलं.'

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच विचारलं.
अलफियाच्या घशात बोराची आठोळी अडकते.
एकाच्या पायाचे अंगठे बुटात वळतात.
कुणी लिहिलं, 'मला राग येत नाही',
आणि पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर उमटलं.
रिद्धमनं लिहिलं,
'मले भेव वाटलं का हसू येते.
लोकायले वाटते, चिडवून रायला.'
हे मी मोठ्यानं वाचलं, त्याला विचारून.
प्रज्योत खिडकीबाहेर बघत होता.
पण त्याच्या पाया
लाल होत्या.

मग मी प्रशिक्षणात शिकवलेला श्वास शिकवला.
चार आकडे आत, चार थांबा, सहा बाहेर.
पोरांनी तो कवायतीसारखा केला,
एक साथ, छाती फुगवून, मनात काहीच न घडता.

प्रज्योतचा हात वर.
'मॅडम, कूलर असा नाई लावत.'
त्याचा बाप सक्करदऱ्यात कूलर दुरुस्त करतो.
'आधी पंप लावा लागते. ताट्या भिजू द्या लागते. मंग पंखा.
नाईतं गरमच हवा फेकते थो.'

मग श्वास म्हणजे?
'पंखा.'
आणि पंप?
त्यानं बराच वेळ घेतला.
'बुडबुड आवाज येते ना खाली... हवा नाई येत अजून.
पण आतमदी काम चालू रायते. थे.'

वर्गानं आपापले पंप शोधले.
नळाखाली मनगटं धरणं.
मैदानाच्या सावलीतल्या भिंतीला पाठ लावणं.
अलफिया मनातल्या मनात
घरापासून शाळेपर्यंतची दुकानं मोजते, उलटी.

गुरुवारी गुणपत्रकांचा तक्ता तिसऱ्यांदा परत आला,
मुख्याध्यापकांच्या लाल रेघेसह.
मी डस्टर टेबलावर आपटला.
खडूची धूळ उडाली, मागे कुणीतरी वही मिटली,
आणि तिसऱ्या बाकावरून, अगदी हळू,
'मॅडम, पंप.'

व्हरांड्यातल्या माठाशी गेले.
दोन पेले पाणी, घोट घोट.
माठाच्या ओल्या पोटावर तळवा ठेवून उभी राहिले,
चाळिशी ओलांडलेली बाई, हातात रिकामा पेला.
परत आले तर वर्ग चिडीचूप.
फक्त रिद्धम हसला.
आता आम्हाला ठाऊक होतं, का.

एवढ्यावर संपवता आलं असतं.

सोमवारी प्रज्योतनं पट्टी मोडली. स्वतःचीच, गुडघ्यावर.
कुणाला लागलं नाही.
वही मागण्याआधीच त्यानं ती पुढे सरकवली.
'आज पंप लावला. टाकीत पाणीच नोतं.'

मी लाल पेन उघडलं. मिटलं.
सीझन आहे; बाप रात्री अकराला येतो,
केसांत ताट्यांचं गवत घेऊन,
कधी येतही नाही.
सकाळी काय खाल्लंस, असं विचारायचं होतं.
विचारलं नाही.
डबा उघडून मधे ठेवला,
झाकण त्याच्याकडे, पोळ्या दोन,
आणि दोघंही वेगवेगळ्या दिशांना बघत
चावत राहिलो.